आपण आणि आम्ही : भाषालोपाचा नैतिक प्रश्न

(१)

एखादी भाषा 'मरते' असे म्हणणे हे रूपक आहे. रूपक अंगवळणी पडले की त्याने गृहीत धरलेल्या गोष्टी दिसेनाशा होतात. प्राण्याच्या मृत्यूत त्याच्या संमतीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. भाषेचा लोप मात्र बहुतेक वेळा ती बोलणारी माणसे हयात असतानाच घडून येतो : ज्यांना ती येते ती माणसे आपल्या मुलांशी दुसऱ्या भाषेत बोलू लागतात. संहाराने किंवा रोगराईने भाषिक समूहच नाहीसा झाल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. परंतु विसाव्या शतकातील भाषालोपाचे नेहमीचे रूप हे उंबरठ्याच्या आत घडणाऱ्या या बदलाचे आहे. म्हणजे येथे कृती आहे, कर्ता आहे, आणि निदान वरकरणी निवडही आहे. जेथे निवड आहे तेथे जबाबदारीचा प्रश्न टाळता येत नाही. भाषा टिकली पाहिजे असे कर्तव्य खरोखर असते काय? असल्यास ते कोणावर असते?

हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या क्षेत्रात १९९२ साली उघडपणे मांडला गेला. अमेरिकेच्या भाषावैज्ञानिक परिषदेच्या 'लँग्वेज' या नियतकालिकात केन हेल, मायकेल क्राउस आणि इतर अभ्यासकांनी संकटग्रस्त भाषांविषयी एक लेखसमूह प्रसिद्ध केला. येत्या शतकात जगातील बहुसंख्य भाषा नाहीशा होतील किंवा त्या मार्गाला लागतील, असा इशारा क्राउस यांनी त्यात दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस पीटर लॅडेफोगेड यांनी त्याच नियतकालिकात एक छोटेखानी प्रत्युत्तर दिले. केनियातील दहालो भाषा बोलणाऱ्या एका गृहस्थाचे उदाहरण त्यांनी घेतले होते. त्याच्या मुलांना दहालो येत नव्हती, आणि या गोष्टीची त्याला खंत नव्हती. मुले शाळेत गेली, बापाला ठाऊक नसलेल्या गोष्टी शिकली, याचा त्याला अभिमान होता. हा माणूस चुकतो आहे असे सांगणारा मी कोण, असा लॅडेफोगेड यांचा प्रश्न होता. नीलगिरीतील तोडा समाजाचाही दाखला त्यांनी दिला होता. पूर्वजांविषयी आदर आणि आधुनिक भारताचा घटक होण्याची इच्छा, ही दोन्ही तेथील तरुणांत एकत्र नांदतात, हे त्यांनी नोंदवले होते.

या वादाकडे सहसा कार्यकर्ता विरुद्ध तटस्थ शास्त्रज्ञ असा वाद म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्याच्या तळाशी एक व्याकरणिक प्रश्न दडलेला आहे. 'भाषा नाहीशी झाल्याने आपले नुकसान होते' या वाक्यातील 'आपले' या सर्वनामात कोण येतो आणि कोण येत नाही, हा तो प्रश्न होय. त्याचा शोध घेण्यासाठी तैवानमधील थाव या भाषेचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

(२)

पश्चिमेस मादागास्करपासून पूर्वेस रापा नुईपर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन कुलात बाराशेच्या आसपास भाषा गणल्या जातात. या कुलाचे ज्येष्ठ अभ्यासक रॉबर्ट ब्लस्ट (१९४०–२०२२) यांनी १९९९ साली मांडलेल्या वर्गीकरणानुसार त्याच्या दहा मूळ शाखांपैकी नऊ शाखा केवळ तैवान बेटावर आढळतात. बेटाबाहेरच्या साऱ्या भाषा – मलय, जावी, तागालोग, मलागासी, माओरी, हवाईयन – उरलेल्या एकाच शाखेत मोडतात. तैवानमधील छोट्या भाषांचे महत्त्व अभ्यासकांना का वाटते, याचे उत्तर यात आहे. कुलाच्या इतिहासाची बहुतेक साक्ष याच भाषांपाशी आहे.

थाव ही त्यांपैकी एक. मध्य तैवानच्या नानतोऊ परगण्यातील सूर्य-चंद्र सरोवराच्या काठी राहणाऱ्या, नोंदणीकृत लोकसंख्या आजही हजाराच्या आत असलेल्या समाजाची ही भाषा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती अस्खलितपणे बोलणाऱ्यांची संख्या पंधराच्या आसपास उरली होती, आणि ते जवळजवळ सर्व साठीच्या पुढचे होते. त्यानंतरच्या वर्षांत ही संख्या आणखी घटली.

हे कसे घडले याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. चिनी वसाहतवाल्यांच्या वाढत्या वस्तीने थाव लोक आपल्याच भूमीवर अल्पसंख्य झाले. १८९५ ते १९४५ या काळात बेटावर जपानची सत्ता होती. त्या राजवटीने उभारलेला जलविद्युत प्रकल्प १९३४ साली पूर्ण झाला, सरोवराची पातळी वाढली, पूर्वजांच्या आत्म्यांचे निवासस्थान मानले जाणारे लालू बेट बहुतांशी पाण्याखाली गेले आणि काठची वस्ती हलवावी लागली. पुढे चीनच्या राष्ट्रवादी शासनाने शाळांत मँडरिनची सक्ती केली. बाजारात आणि शेजारात दक्षिण मिन, म्हणजे ज्याला तैवानी म्हणतात ती भाषा, चालत होतीच. १९८७ साली लष्करी कायदा उठला तोपर्यंत घरातली थाव केवळ आजीआजोबांची झाली होती. २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपाने या वस्तीची अतोनात हानी केली. २००१ साली तैवानच्या शासनाने थाव समाजाला स्वतंत्र आदिवासी समाज म्हणून मान्यता दिली. तोवर त्यांना अनेकदा त्सोऊ या दुसऱ्या समाजाचाच भाग समजले जाई. २०१७ च्या कायद्याने आदिवासी भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा मिळाला. मान्यता आली तेव्हा बोलणारे बोटांवर मोजण्याइतके राहिले होते.

या घटनाक्रमात थाव आईबापांनी मुलांशी थाव न बोलण्याची 'निवड' केली ती नेमकी कोठे? लॅडेफोगेड यांना उत्तर देताना १९९३ साली नॅन्सी डोरियन यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. स्कॉटलंडच्या ईस्ट सदरलंडमधील कोळी समाजाच्या गेलिक भाषेचा ऱ्हास त्यांनी दीर्घकाळ अभ्यासला होता. भाषा सोडणारी पिढी ज्या परिस्थितीत ती सोडते ती परिस्थिती तिने निर्माण केलेली नसते; शिवाय भाषेच्या जाण्याने हळहळणारी पिढी ही बहुधा सोडणारी नसून तिच्या नंतरची असते. दहालो बापाचे समाधान खरे आहे; पण नातवंडांच्या वतीने तो बोलू शकत नाही. डोरियन यांचे म्हणणे मान्य केले तरी लॅडेफोगेड यांचा आक्षेप पूर्णपणे निकालात निघत नाही. दबावाखाली घेतलेला निर्णय हाही निर्णयच असतो. ज्या आईने स्वतः शाळेत अपमान सोसला, तिने आपल्या मुलाला तो सोसावा लागू नये म्हणून भाषा बदलली, तर तिच्या कृतीत एक नीती आहे. भाषेच्या नावाने तिला दोष देणारा विचार हा माणसापेक्षा भाषेला मोठी मानणारा विचार ठरतो.

(३)

भाषा टिकवण्याच्या बाजूने साधारणतः तीन युक्तिवाद केले जातात.

पहिला संग्रहाचा. प्रत्येक भाषा हे ज्ञानाचे भांडार आहे, ते जळाले तर मानवजात दरिद्री होते. थावमधून या युक्तिवादाला भरपूर पुरावा देता येईल. या भाषेत शब्दाच्या पोटात शिरणारे मध्यप्रत्यय आहेत, मराठी उच्चारात नसलेले घर्षक व्यंजन आहेत, आणि द्विरुक्तीच्या पलीकडे जाणारी त्रिरुक्तीची प्रक्रिया आहे, जिच्यावर ब्लस्ट यांनी २००१ साली स्वतंत्र निबंध लिहिला. मानवी भाषेत काय शक्य आहे, याची सीमारेषा अशा उदाहरणांनी बदलते. तथापि या युक्तिवादात एक अडचण आहे. भांडारातील माल दुसरीकडे हलवता आला तर मूळ भांडाराची गरज उरत नाही. सर्व त्रिरुक्त रूपे नोंदवून झाली की थाव माणसाने थाव बोलत राहण्याचे कारण या युक्तिवादापाशी शिल्लक राहत नाही.

दुसरा युक्तिवाद विश्वदृष्टीचा. सपीर आणि व्होर्फ यांच्या नावाशी तो जोडला जात असला, तरी शब्दावाचून ज्ञान संभवत नाही ही भर्तृहरीच्या वाक्यपदीयातील भूमिका भारतीय वाचकाला अधिक जवळची आहे. ज्ञान जर शब्दाने विणलेलेच असेल, तर शब्दव्यवस्था बदलल्यावर ज्ञानही तेच राहणार नाही, असा निष्कर्ष तिच्यातून काढला जातो. मात्र भर्तृहरीला अभिप्रेत असलेले शब्दतत्त्व एक आणि अविभाज्य आहे. त्याच्या भूमिकेतून भाषांच्या अनेकत्वाचे मूल्य आपोआप सिद्ध होत नाही. आणि दुसरीकडे, प्रत्येक भाषा जर खरोखर भिन्न आणि अननुवाद्य विश्व असेल, तर परकीय अभ्यासकाला त्या विश्वाचे मोल कळते असे म्हणण्याला आधार काय? जे कळू शकत नाही त्याच्या जाण्याचा शोक करता येईल. त्याची किंमत ठरवता येणार नाही.

तिसरा युक्तिवाद न्यायाचा. धरणाने जशी जमीन घेतली तशी शाळेने भाषा घेतली. घेणाऱ्याने भरपाई केली पाहिजे. हा युक्तिवाद सर्वांत बळकट आहे, कारण तो भाषेच्या अंगभूत मोलावर अवलंबून नाही. थाव ही व्याकरणदृष्ट्या अगदी सामान्य भाषा असती, तिच्यात त्रिरुक्ती नसती, कुलाच्या इतिहासाशी तिचा काही संबंध नसता, तरीही हा युक्तिवाद तितकाच खरा राहिला असता. त्याची मर्यादा एवढीच, की भरपाई कोणाला आणि कशी करायची, याचे उत्तर तो एकटा देऊ शकत नाही. जमीन परत करता येते. परत दिलेली भाषा घ्यायला ती येणारा माणूस लागतो.

(४)

येथे सर्वनामाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. थाव भाषेत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत : ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'इता' आणि त्याला वगळणारे 'यामिन'. इंग्रजीच्या वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागतो. मराठी वाचकाला तो सांगावा लागत नाही, कारण 'आपण' आणि 'आम्ही' यांच्यातला भेद त्याच्या जिभेवरच आहे. कुळे वेगळी असूनही दोन्ही भाषांनी मानवी व्यवहारातली एकच गरज ओळखली आहे.

'थाव' या शब्दाचा मूळ अर्थ माणूस असा आहे. सरोवराच्या काठच्या त्यांच्या वस्तीचे नाव 'इता थाव' असे आहे. त्याचे मराठीकरण 'आपण थाव' असेही करता येईल आणि 'आपण माणसे' असेही. या दोन अर्थांत मोठे अंतर आहे. 'आपण थाव' हे वाक्य एक थाव दुसऱ्या थावलाच म्हणू शकतो. परक्याला उद्देशून म्हणायचे तर व्याकरण 'यामिन' हा शब्द वापरायला लावील. 'आपण माणसे' हे मात्र कोणालाही म्हणता येईल, अगदी त्या वस्तीत नावेतून उतरणाऱ्या पर्यटकालाही. वस्तीच्या पाटीवरचे नाव वाचणारे बहुतेक लोक थाव नसतात. ते नाव त्यांना सामावून घेते की केवळ त्यांच्या देखत उच्चारले जाते, हे पाटीवरून कळत नाही.

संकटग्रस्त भाषांविषयीच्या लेखनातील 'आपण' असाच संदिग्ध आहे. जेन हिल यांनी २००२ सालच्या एका निबंधात तज्ज्ञांच्या या वक्तृत्वाची चिकित्सा केली. या भाषा साऱ्या मानवजातीच्या मालकीच्या आहेत असे म्हणणे, त्यांचे मोल अमूल्य रत्नांच्या भाषेत सांगणे आणि उरलेल्या वक्त्यांची शिरगणती करणे, ही त्या वक्तृत्वाची तीन लक्षणे हिल यांनी दाखवली, आणि ज्यांच्यासाठी हे बोलले जाते त्यांना ते कसे ऐकू येत असेल असा प्रश्न विचारला. ज्या समाजाची जमीन एकदा 'सार्वजनिक हितासाठी' गेली आहे, त्याची भाषाही सर्वांची आहे हे वाक्य त्याला उदार वाटेलच असे नाही. मालकी सर्वांची झाली की मूळ धन्याला विचारण्याची गरज संपते. धरण बांधताना वापरलेले 'आपण' आणि भाषा वाचवताना वापरलेले 'आपण' यांच्या हेतूंत फरक आहे. त्यांचे व्याकरण मात्र एकच आहे. ऐकणाऱ्याला न विचारता त्याला सामावून घेणारे हे व्याकरण आहे.

तेव्हा लॅडेफोगेड यांच्या आक्षेपातील ग्राह्य भाग असा : बाहेरच्या अभ्यासकाला 'आपले नुकसान' असे म्हणण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. अग्राह्य भाग असा : म्हणून त्याने गप्प राहावे, हे त्यातून निष्पन्न होत नाही. सामावून घेणारे सर्वनाम वापरता येत नसेल, तर वगळलेल्या स्थानावरून करण्याजोग्या कृती कोणत्या, हा विचार त्याला करावाच लागतो.

(५)

अशी एक कृती म्हणजे शब्दकोश. ब्लस्ट यांचा थाव-इंग्रजी शब्दकोश २००३ साली तैवानच्या आकादेमिया सिनिकाने प्रसिद्ध केला. हजाराहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ दहापंधरा वृद्धांच्या मुखातील भाषेचा आहे. बोलणाऱ्या प्रत्येकामागे निदान साठसत्तर पाने, असे हे विलक्षण प्रमाण भरते. त्यापूर्वी, १९५६ साली, ली फांग-क्वेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भाषेवरील टिपणे प्रसिद्ध केली होती. आता थाव ही नोंदींनी समृद्ध आणि वक्त्यांनी दरिद्री अशी भाषा झाली आहे.

सोस्यूरने केलेल्या भेदाच्या आधारे असे म्हणता येईल, की कोशात लांग, म्हणजे भाषेची व्यवस्था, पुष्कळशी उतरते. पारोल, म्हणजे प्रत्यक्ष बोलणे, तेथे नमुन्यापुरते असते. पण साहित्याच्या अभ्यासकाने यापुढे एक पाऊल टाकले पाहिजे. कोशातील प्रत्येक उदाहरणवाक्य कोणी तरी कोणाला तरी म्हटलेले आहे. ते म्हणणारा थाव आहे आणि ऐकणारा थाव नाही. स्वतःच्या समाजाविषयी या श्रोत्याशी बोलताना वक्त्याला व्याकरणाने 'यामिन'च वापरावे लागणार. एका थावने दुसऱ्या थावला म्हटलेले 'इता' अशा भाषेत दुर्मीळ होत जाते. त्याची नोंद कोशात असते, पण त्याचा खरा प्रसंग कोश घडवू शकत नाही. वक्त्यांची संख्या घटते तेव्हा शब्दसंपत्तीच्याही आधी झिजते ती ही संबोधनाची शक्यता.

शेवटच्या वक्त्याची स्थिती याच दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' (१९५३) या ग्रंथात विटगेनस्टाईनने खाजगी भाषेच्या शक्यतेची चिकित्सा केली. जेथे बरोबर असणे आणि बरोबर वाटणे यांत फरक करता येत नाही तेथे नियम आहे असे म्हणता येत नाही, हे तिचे सार. शेवटच्या वक्त्याची भाषा त्या अर्थाने खाजगी नव्हे. तिचे नियम एका समाजाने घडवले आणि त्याने ते इतरांकडून शिकले. पण आता त्याला चुकवणारे कोणी नाही आणि दुरुस्त करणारेही कोणी नाही. एखादे रूप त्याला आठवेनासे झाले, तर ते भाषेतूनच गेले की केवळ त्याच्या स्मरणातून, हे सांगण्याचा मार्ग उरत नाही. अचूकतेचा सर्वोच्च अधिकारी म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते, त्याच्याच बाबतीत अचूकता ही कल्पना अर्थ गमावू लागते. स्टॅन्ली फिश यांनी वाचनाच्या संदर्भात मांडलेली अर्थनिर्णायक समुदायाची संकल्पना येथे तिच्या मूळ रूपात दिसते : समुदाय नसेल तर संहिता उरते, अर्थाचा व्यवहार थांबतो.

याला थाव समाजाच्या जीवनात एक महत्त्वाचा अपवाद आहे. थाव कुटुंबात पूर्वजांची वस्त्रे ठेवलेली एक करंडी जपली जाते. तिला उलालालुवान म्हणतात. सणविधींच्या वेळी घरोघरच्या करंड्या एकत्र मांडल्या जातात आणि पुरोहित स्त्रिया थाव भाषेत पूर्वजांना आवाहन करतात. येथे श्रोता हयात नाही, पण तो थाव आहे. मँडरिन त्याला येत नाही. वक्त्यांची शिरगणती करणाऱ्या सर्वेक्षणात हा श्रोता मोजला जात नाही. तरी ही भाषा अजून कोणाशी तरी बोलण्यासाठी लागते हे सत्य त्याच्यामुळे टिकून राहते. भाषा टिकवण्याचे कर्तव्य मानायचेच असेल, तर त्याचा उगम रत्नभांडाराच्या कल्पनेत शोधण्यापेक्षा या नात्यात शोधणे अधिक योग्य. भाषेशी माणसाचे कर्तव्याचे नाते असत नाही. ते तिच्यातून ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्याशी असते. मुलाच्या भल्यासाठी भाषा बदलणारी आई आणि करंडीपुढे थावमध्ये बोलणारी स्त्री, या दोघी एकाच प्रकारचे कर्तव्य पाळत असतात; त्यांचे श्रोते तेवढे भिन्न. त्या दोघींना परस्परविरोधी बनवणारी परिस्थिती हा खरा अन्याय आहे. मुलाशी थाव बोलल्याने त्याचे काही बिघडत नाही अशी स्थिती असती, तर आईला निवड करावीच लागली नसती.

(६)

या विवेचनातून दोन वेगळी कर्तव्ये निष्पन्न होतात, आणि त्यांची सरमिसळ होऊ न देणे महत्त्वाचे आहे. प्रबळ भाषिकांचे कर्तव्य हे भाषा टिकवण्याचे नसून ती बोलण्याची शिक्षा रद्द करण्याचे आहे : शाळा, न्यायालय, नोकरी आणि थट्टा या सर्व ठिकाणची. २०१७ सारखा कायदा त्याचा एक भाग होय. तो उशिरा आला म्हणून निरर्थक ठरत नाही. थाव समाजाच्या नव्या पिढीने भाषा शिकावी की नाही, हे मात्र त्या पिढीचे आहे. तिने ती शिकायची ठरवली तर तिला कोशाचा आधार लागेल. परकीय श्रोत्याला सांगितलेली वाक्ये तेव्हा नातवंडांपर्यंत पोचतील, आणि कोशकाराचे काम संग्रहापलीकडचे ठरेल. अशा रीतीने शिकलेली थाव आजीच्या थावसारखी नसेल. तिच्यावर मँडरिनच्या उच्चारांची छाया असेल, काही रूपे सुलभ झालेली असतील. शुद्धतेचा आग्रह धरून या नव्या वक्त्यांना नाउमेद करणे हे पुनरुज्जीवनाला मारक ठरते, हेही डोरियन यांनी १९९४ साली दाखवून दिले आहे. न्यूझीलंडमध्ये १९८२ पासून चाललेल्या 'कोहंगा रेओ' या माओरी बालशाळांनीही आजीआजोबांकडून थेट नातवंडांकडे असाच मार्ग काढला. मात्र तेथे शिकवू शकणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी होती. थावपाशी तो अवकाश जवळजवळ संपलेला आहे.

यातून मिळणारी भाषा 'तीच' की दुसरी, हा प्रश्न तात्त्विक दृष्ट्या रंजक आहे. नैतिक दृष्ट्या तो दुय्यम आहे. उच्चार सदोष असले आणि त्रिरुक्त रूपे विसरली गेली, तरी दोन तरुण थाव एकमेकांना 'इता' म्हणू शकले, तर कोशाला जे शक्य नव्हते ते घडले असे म्हणावे लागेल. आणि त्यांनी तसे म्हणायचे नाही असे ठरवले, तर बाहेरच्यांना शोक करण्याची मुभा आहे, तक्रार करण्याची नाही. 'आपण' कोणाला म्हणायचे हे शेवटी ज्यांना आजवर 'ते' म्हटले गेले त्यांनी ठरवायचे आहे.